शाळा गावाच्या हातात: पेसा गावांनी कागद कसे आणि कोणत्या क्रमाने करायचे

पहिलीचा वर्ग. गुरुजींनी पुस्तकातलं चित्र दाखवून विचारलं, "हे काय?" पोरगी म्हणाली, "कोर." गुरुजी बाहेरच्या जिल्ह्यातले, नोकरीला नवे. त्यांना वाटलं, पोरीला भूक लागलीय, भाकरीची कोर मागतेय. पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा ती गप्प झाली. गोंडीत कोर म्हणजे कोंबडी. उत्तर पहिल्याच फटक्यात बरोबर होतं. दाराशी टेकून बसलेली तिची आजी हे सगळं ऐकत होती, पण उठली नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, "शाळा सरकारची. आपण मध्ये कशाला बोलायचं?"

मध्ये बोलायचा अधिकार कायद्यानं कधीच दिलाय. अडचण अशी की तो एका कायद्यात, एका ठिकाणी लिहिलेला नाही. थोडा पेसात, म्हणजे अनुसूचित आदिवासी क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्यात आहे, थोडा शिक्षण हक्क कायद्यात, थोडा वनहक्कात आणि बराचसा संविधानात. हे तुकडे जुळवायचे कसे आणि कोणत्या क्रमानं, यासाठी हा लेख. क्रम मुद्दाम सांगतोय. बरीच गावं उत्साहात शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात, म्हणजे थेट स्वतःची शाळा काढतात, आणि पहिल्या नोटिशीला कागद शोधत बसतात.

हे कुणाला लागू आहे

तुमचं गाव संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात आहे का, ते आधी बघा. महाराष्ट्रासाठी १९८५ चा अनुसूचित क्षेत्र आदेश आहे. पालघर, ठाणे, नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव, अहिल्यानगर, पुणे, नांदेड, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर आणि गडचिरोली अशा तेरा जिल्ह्यांत हे क्षेत्र येतं, पण काही तालुके पूर्ण आहेत आणि काहींची फक्त ठरावीक गावं. "आमचा तालुका पेसात आहे" एवढ्यावर विसंबू नका. यादीत गावाचं नाव बघा आणि त्या पानाची छायांकित प्रत ग्रामसभेच्या फायलीत पहिल्या पानावर लावा. गाव यादीत नसेल तरी शाळा व्यवस्थापन समितीबद्दल पुढे जे लिहिलंय ते तुम्हालाही लागू आहे, कारण शिक्षण हक्क कायदा सगळीकडे एकच आहे.

बळ किती, आणि कुठं संपतं

पेसा कायदा २४ डिसेंबर १९९६ पासून लागू आहे. त्यातली दोन वाक्यं पाठ करण्यासारखी आहेत. कलम ४ (डी) म्हणतं की परंपरा, रूढी, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती जपायला प्रत्येक ग्रामसभा सक्षम आहे. आणि ४ (एम) च्या सहाव्या पोटकलमात सामाजिक क्षेत्रांतल्या संस्था आणि त्यांतले कर्मचारी यांच्यावर नियंत्रण ठेवायचा अधिकार आहे. शाळा ही सामाजिक क्षेत्रातली संस्था नाही असं म्हणणारा अधिकारी मला अजून भेटलेला नाही.

पण कलम नीट वाचा. हा अधिकार "योग्य स्तरावरील पंचायत आणि ग्रामसभा" यांना मिळेल याची खात्री राज्याच्या विधिमंडळानं करायची आहे. म्हणजे केंद्राचा कायदा राज्याला बजावतो आणि अधिकार गावात येतो तो राज्याचा कायदा आणि नियम यांच्यामार्फत. महाराष्ट्राचे पेसा नियम मार्च २०१४ मध्ये आले. म्हणून ठरावात नुसतं "पेसा कायद्यानुसार" लिहू नका. केंद्राचं कलम, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमातलं प्रकरण तीन-अ आणि २०१४ चे नियम, तिन्ही लिहा. टेबलापलीकडच्या माणसाला यातलं एक तरी माहीत असतं.

दुसरी मर्यादा जास्त बोचरी आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १८ सांगतं की मान्यतेच्या दाखल्याशिवाय शाळा चालवता येणार नाही. चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि त्यानंतरही चालू ठेवली तर दररोज दहा हजारांपर्यंत. पेसा म्हणतो नियंत्रण गावाचं, शिक्षण हक्क कायदा म्हणतो मान्यता अधिकाऱ्याची. या दोन कायद्यांची एकमेकांशी गाठच घालून दिलेली नाही. ईशान्येत असं नाही. सहाव्या अनुसूचीच्या सहाव्या परिच्छेदात स्वायत्त जिल्हा परिषदांना प्राथमिक शाळा काढायचा आणि चालवायचा अधिकार आहे, इतकंच नाही तर शिकवायची भाषा आणि पद्धत ठरवायचाही, असं शब्दांत लिहिलेलं आहे. आपल्या पाचव्या अनुसूचीत भाषेबद्दल असा एक शब्द नाही. ही पोकळी आहे हे मान्य करूनच पुढं जायचं.

पहिली पायरी: गाव कोणतं ते ठरवा

पेसातलं गाव म्हणजे महसुली गाव नव्हे आणि ग्रामपंचायत तर नव्हेच. एक वस्ती, पाडा, टोला किंवा त्यांचा समूह, जिथला समाज आपल्या रीतीभातीनं आपला कारभार चालवतो, ते गाव. आठ पाड्यांच्या ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत तुमच्या पाड्यावरच्या बारा पोरांच्या शाळेचा विषय कधी निघणारच नाही. निघाला तरी बाकीचे सात पाडे चहाची वाट बघत बसतील. म्हणून पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा हवी. पाड्यातल्या मतदारांनी ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवायचा, पुढे पडताळणी होऊन गाव जाहीर होतं. याला वेळ लागतो. तोवर बाकीच्या पायऱ्या थांबवायची गरज नाही.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं "मावा नाटे मावा राज" (आमच्या गावात आमचं राज्य) म्हणत जे उभं केलं, त्यातली एक सवय इथं उचलावी अशी आहे. ती म्हणजे निर्णय बहुमतानं न घेता सर्वसहमतीनं घेणं, आणि निर्णयाआधी अभ्यासगटात तो विषय चघळणं. शाळेच्या बाबतीत तर हे फारच लागतं, कारण पोरं सगळ्यांची आहेत. सात विरुद्ध पाच मतांनी शाळेची भाषा ठरवली, तर ती पाच घरं पुढच्या जूनमध्ये पोरांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतील.

दुसरी पायरी: शाळा व्यवस्थापन समिती खरी करा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. नवा कोणताही अधिकार न मागता, आजच्या आज, कायदेशीर आणि निर्विवाद असं गावाच्या हातात जे आहे ते हेच.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि निम्म्या महिला. महाराष्ट्रात २०१० च्या शासन निर्णयापासून समिती बारा ते सोळा जणांची, मुदत दोन वर्षं, अध्यक्ष पालकांतून आणि मुख्याध्यापक सदस्य-सचिव, अशी रचना रूढ आहे. समितीची कामं तीन: शाळेच्या कामावर देखरेख, शाळा विकास आराखडा करणं आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं.

प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. नावं मुख्याध्यापक लिहितात आणि सह्या घरोघरी फिरून होतात. एका गावात तर अध्यक्षांना ते अध्यक्ष आहेत हे त्यांच्या पोराकडून कळलं, कारण शाळेच्या भिंतीवर नाव रंगवलेलं होतं. मोबाईलचा नंबर मात्र दुसऱ्याच कुणाचा.

हे बदलायला भांडण लागत नाही. मुदत कधी संपते ते विचारा. नवीन निवड पालकसभेतच व्हावी आणि पालकसभेची तारीख आठ दिवस आधी गावात कळावी, असा ग्रामसभेचा ठराव करा. नावं ग्रामसभेत आधीच बोलून ठेवा. "पालक" या शब्दात कायद्यानं सांभाळ करणारेही येतात, हे विसरू नका. आईबाप ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर असतील तर पोर सांभाळणारी आजी समितीवर येऊ शकते. वर सांगितलेली ती दाराशी बसलेली आजी अशीच समितीवर आली. पहिल्या दोन बैठका ती बोलली नाही. तिसरीत तिनं विचारलं, "पुस्तकात कोर आहे, मग तिचं नाव का नाही?"

बैठकीचं इतिवृत्त तिथल्या तिथं लिहा, मोठ्यानं वाचून दाखवा, मगच सह्या. कोरी जागा उरली तर तिरकी रेघ ओढा. मोबाईलवर पानाचा फोटो काढून गावातल्या दोघांकडे ठेवा. हे बारीक वाटेल, पण पुढे नोटीस, सुनावणी, अपील काहीही आलं तर याच पानांवर सगळं उभं राहतं.

आश्रमशाळा असेल तर गोष्ट थोडी वेगळी. ती जिल्हा परिषदेची नसून आदिवासी विकास विभागाची असते, म्हणून पत्रं गटशिक्षणाधिकाऱ्यांना न देता एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांना द्यायची. पालक लांबचे असल्यानं बैठकीला कुणी येत नाही. दिवाळीनंतर पोरं सोडायला पालक येतात, तोच दिवस बैठकीला धरा.

तिसरी पायरी: आराखडा, तोही डिसेंबरच्या आत

कलम २२ नुसार समितीनं शाळा विकास आराखडा करायचा, आणि त्याच कलमात पुढे म्हटलंय की शासनाची योजना आणि अनुदानं या आराखड्याच्या आधारे व्हायची. हे वाक्य अधिकाऱ्याला वाचून दाखवा. आराखडा तीन वर्षांचा असतो, त्यात वर्षावर्षाचे तुकडे. आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी तो तयार हवा, म्हणजे डिसेंबर.

बहुतेक आराखड्यांत संरक्षक भिंत, रंगरंगोटी आणि संगणक एवढंच असतं. तुम्ही त्यात गावाला हवं ते लिहा. पहिली-दुसरीला मातृभाषेतून शिकवण, गावातल्या जाणत्यांचे आठवड्याला दोन तास, द्विभाषिक पुस्तिका, गोंडी-मराठी किंवा कोरकू-मराठी शब्दांचा तक्ता. जे आराखड्यात लिहिलेलं नाही ते पुढे कुणीही मागू शकत नाही. आराखडा समितीत झाल्यावर ग्रामसभेत ठेवा. पेसाच्या ४ (ई) नुसार गावच्या सामाजिक विकासाच्या योजनांना ग्रामसभेची मंजुरी लागते, त्या कलमाखाली तो मंजूर करून घ्या. असे समितीचा आणि ग्रामसभेचा दोन शिक्के पडले की दोन कायदे एका कागदावर येतात. मला विचाराल तर सगळ्या प्रक्रियेतली मोक्याची जागा हीच.

ठराव असा लिहिता येईल. गावाप्रमाणे शब्द बदला:

"आज दिनांक … रोजी … गावाच्या ग्रामसभेत, पेसा कायदा १९९६ चे कलम ४ (डी), ४ (ई) व ४ (एम) (सहा), महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमातील प्रकरण तीन-अ व पेसा नियम २०१४, तसेच शिक्षण हक्क कायदा २००९ ची कलमे २१, २२ व २९ (२) (एफ) यांस अनुसरून असा ठराव करण्यात येतो की, शाळा व्यवस्थापन समितीने तयार केलेला सोबतचा आराखडा ग्रामसभेस मान्य आहे. इयत्ता पहिली व दुसरीचे अध्यापन … भाषेतून व त्यासोबत मराठीतून व्हावे. यासाठी लागणारी स्थानिक व्यक्ती ग्रामसभा सुचवेल. या ठरावाची अंमलबजावणी काय झाली ते मुख्याध्यापकांनी दर तीन महिन्यांनी ग्रामसभेत सांगावे."

शेवटचं वाक्य गाळू नका. नियंत्रण म्हणजे काय, तर दर तीन महिन्यांनी गुरुजी गावासमोर उभे राहून हिशेब देतात, एवढंच. मान ठेवून बोलवा, खुर्ची द्या, चहा द्या. चांगले गुरुजी असतील तर त्यांनाही हे हवंच असतं. वरून येणारी ऑनलाइन माहिती भरता भरता त्यांचाही जीव मेटाकुटीला आलेला असतो.

चौथी पायरी: भाषा आणि दिवस

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ (२) (एफ) म्हणतं, शिकवायचं माध्यम शक्य तेवढं मुलाच्या मातृभाषेतलं असावं. "शक्य तेवढं" या दोन शब्दांआड सगळं लपवता येतं, म्हणून शक्य कसं आहे ते तुम्हीच दाखवा: शिकवणारी व्यक्ती कोण, साहित्य कोणतं, किती पोरं. सोबत संविधानाचं कलम ३५०-अ जोडा. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकायची सोय द्यावी, असं ते सांगतं. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं ते आलं.

एक उत्तर हमखास मिळतं: "गोंडी आठव्या अनुसूचीत नाही." म्हणजे संविधानातल्या भाषांच्या यादीत नाही. खरं आहे, नाही. पण ३५०-अ मध्ये आठव्या अनुसूचीचा उल्लेखच नाही, संविधानाच्या कलम २९ मध्ये नाही, ३० मध्येही नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाखांवर होते आणि भिली-भिलोडी सांगणारे १ कोटी ४ लाखांवर. तरी या दोन्ही भाषा त्या अनुसूचीबाहेर आहेत. तेव्हा तो मुद्दा शांतपणे खोडा आणि पुढे चला.

गावातला विरोध मात्र खोडायचा नसतो, ऐकायचा असतो. "आम्ही गोंडी शिकूनच आलोय, पोराला इंग्रजी पाहिजे," असं तरुण बाप म्हणतो, तेव्हा तो त्याच्या पोटातून बोलत असतो. सर्वोच्च न्यायालयानंही २०१४ मध्ये कर्नाटकच्या खटल्यात सांगितलंय की प्राथमिक शाळेत मातृभाषेची सक्ती सरकारला करता येणार नाही, माध्यम निवडायचा हक्क आहे. ग्रामसभेनंही पालकांवर सक्ती करू नये. पहिली दोन वर्षं घरची भाषा आणि मग मराठी-इंग्रजीकडे पूल, असा आराखडा मांडला की निम्मा विरोध गळून पडतो.

शाळेच्या दिवसांबद्दल कुणी बोलत नाही, पण मुलं गळतात ती तिथंच. मार्च-एप्रिलला मोहफूल, मेमध्ये तेंदू, जुलैत रोवणी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ (एम) नुसार शैक्षणिक वेळापत्रक ठरवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे. पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास, एवढं भरलं पाहिजे. या हिशेबात बसणारं स्थानिक वेळापत्रक करून द्या: मोहाच्या दिवसांत शाळा उशिरा भरवा, रोवणीच्या आठवड्याची सुट्टी घेऊन ती दुसरीकडे भरून काढा. कोष्टक करून दिलेली मागणी जिल्हा परिषदेला नाकारायला अवघड जाते. नुसतं "आमच्या सणाला सुट्टी द्या" म्हटलं की ती फायलीत जाते.

पाचवी पायरी: शिकवणारा माणूस आणि पैसा

अनुसूचित क्षेत्रात शिक्षकांसह काही पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरायची अधिसूचना राज्यपालांनी २०१४ मध्ये काढली. पण एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आंध्र प्रदेशातल्या अनुसूचित क्षेत्रांतलं आदिवासी शिक्षकांचं शंभर टक्के आरक्षण रद्द केलं, आणि तेव्हापासून ही वाट सरळ राहिलेली नाही. भरतीवर डोळे लावून बसलात तर पहिलीतलं पोर दहावीला जाईल.

म्हणून दुसरी वाट, भाषा-मदतनीस. गावातली बारावी किंवा डी.एड. झालेली मुलगी, रोज दोन तास, मानधनावर. ती शिक्षक नाही, शिक्षकाची जागा घेत नाही, हे ठरावात स्पष्ट लिहा. नाहीतर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ ची शिक्षक-पात्रता आडवी येते. पैसा कुठून? आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो, त्याला अबंध निधी म्हणतात. त्याचा एक हिस्सा आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण यांसाठी आहे. निधी ग्रामपंचायतीच्या खात्यावर येत असला तरी पेसाच्या ४ (एफ) नुसार खर्चाचा विनियोग दाखला ग्रामसभेकडून घ्यावा लागतो. तुमची सही ही इथली किल्ली आहे. सामूहिक वनहक्कातून बांबू, तेंदूचं उत्पन्न असलेल्या ग्रामसभांनी स्वतःच्या खात्यातून मानधन द्यावं. ते जास्त सुटसुटीत, कारण मग कुणाची परवानगी लागत नाही.

शाळेला समग्र शिक्षामधून मिळणारं संयुक्त अनुदान लहान असतं: तीस पटापर्यंत १०,००० रुपये, त्यापुढे शंभर पटापर्यंत २५,०००. त्यावर देखरेख ठेवा, पण त्यात क्रांती शोधू नका.

सहावी पायरी: शाळा बंद करायला आले तर

पट कमी झाला की शेजारच्या शाळेत समायोजन किंवा लांबच्या समूह शाळेत पाठवणी, हा विषय दर दोन-तीन वर्षांनी निघतोच. महाराष्ट्राच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत असं अंतर धरलेलं आहे. नकाशावरचं अंतर मानू नका. पोर चालतं ते अंतर, मधला नाला आणि पावसाळ्यात तो किती दिवस भरलेला असतो, हे सगळं ग्रामसभेच्या पंचनाम्यात लिहा, पाच जणांच्या सह्या आणि फोटोसह. मग शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली लेखी तक्रार द्या. तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा, आणि पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. आदेशाची प्रत देत नसतील तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, तीस दिवस.

सातवी पायरी: गावाची स्वतःची शाळा

इथवरच्या सगळ्या पायऱ्या असलेल्या शाळेबद्दल होत्या. काही गावांना तेवढ्यावर समाधान नसतं, आणि त्यांचं चुकत नाही.

नंदुरबारमध्ये नर्मदेच्या काठी धरणात बुडणाऱ्या गावांनी १९९१-९२ च्या सुमारास चिमलखेडी आणि निमगव्हाणला जीवनशाळा काढल्या. "लढाई पढाई साथ साथ" ही घोषणा तिथली. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये ठराव करून गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, "पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल". गोटूल म्हणजे गोंड गावातलं एकत्र जमायचं आणि शिकायचं पारंपरिक घर. २०२२ मध्ये शिक्षण विभागाची नोटीस आली: मान्यता नाही, शाळा अनधिकृत, दंड भरावा लागेल. वर सांगितलेलं कलम १८ ते हेच.

बाहेरच्या देशांत बघितलं तर हाच क्रम दिसतो: आधी शाळा, मग कायदा. न्यूझीलंडमध्ये माओरी पालकांनी १९८५ मध्ये ऑकलंडच्या होआनी वैतिती मराएवर (माओरींच्या सभास्थानी) पहिली माओरी माध्यमाची शाळा सरकारी व्यवस्थेच्या बाहेर सुरू केली. कायद्यानं तिला जागा दिली ती १९८९ मध्ये. अमेरिकेत नवाहोंची रफ रॉक शाळा १९६६ ची, आणि जमातींनी आपलं शिक्षण आपण चालवायचा कायदा १९७५ चा. कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या मिगमॉ समाजानं मात्र वाटाघाटी करून १९९८ मध्ये संसदेकडून स्वतःचा शिक्षण कायदाच करून घेतला. त्या करारात एक अट आहे, आणि ती आपण उचलावी: इथलं शिक्षण असं हवं की मूल उद्या दुसऱ्या शाळेत गेलं तर त्याचं अडू नये.

म्हणून स्वतःची शाळा काढायच्या आधी मुलांच्या बाहेर पडायच्या वाटा बांधून घ्या. शिक्षण हक्काच्या कलम ४ नुसार शाळाबाह्य मुलाला वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात प्रवेश द्यावाच लागतो, आणि कलम १४ नुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवीची परीक्षा आहे. दहावीला खासगीरीत्या बसायला सतरा नंबरचा फॉर्म आहे. ही माहिती पालकांना पहिल्याच सभेत द्या. "आमच्या पोराचं पुढं काय?" या प्रश्नाला उत्तर नसेल तर शाळा काढू नका, एवढं मी स्पष्ट सांगतो.

जागेचं काम वनहक्क कायद्यानं सोपं केलंय. कलम ३ (२) नुसार शाळेसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. अट अशी की हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. शासनानं चालवलेल्या सोयींसाठी हे कलम आहे, म्हणून इमारतीला शासकीय योजनेचा धागा जोडावा लागतो. समाजमंदिर किंवा गोटूलच्या जागेत सुरुवात करणारी गावं हा फेरा टाळतात.

मान्यतेचं काय? तीन वाटा आहेत, तिन्ही कच्च्या.

ग्रामसभेनं नोंदणीकृत संस्था किंवा न्यास काढून स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायदा, २०१२ खाली अर्ज करायचा, ही पहिली. ही सगळ्यात सरळ, पण जागा, इमारत, ठेव या अटी शहरातल्या संस्थाचालकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्यासारख्या आहेत. शिवाय संस्था काढली की पाच-सात विश्वस्तांच्या नावे शाळा होते आणि ग्रामसभा बाजूला पडते. असं करायचंच तर विश्वस्त ग्रामसभेनं नेमायचे आणि काढायचे, असं कलम संस्थेच्या घटनेत घाला.

दुसरी वाट संविधानाच्या कलम ३० ची. भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा मूलभूत हक्क आहे. अल्पसंख्याक कोण, हे राज्य हा घटक धरून ठरवायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात सांगितलं. त्या मापानं महाराष्ट्रात गोंडी, कोरकू, कोलामी बोलणारे अल्पसंख्याकच ठरतात. त्याच न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालानं तर अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायदाच लागू नाही असं म्हटलं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं त्या निकालावर शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी पाठवला आहे. तेव्हा सगळी भिस्त यावर ठेवू नका. कलम ३० ठरावात मात्र जरूर लिहा.

तिसरी वाट शिक्षण हक्क कायद्याच्या व्याख्येतली. कलम २ (एच) मध्ये "स्थानिक प्राधिकरण" म्हणजे जिल्हा परिषद, पंचायत आणि शिवाय शाळेवर प्रशासकीय नियंत्रण असलेली किंवा कुठल्याही कायद्यानं गावात स्थानिक प्राधिकरण म्हणून काम करायचा अधिकार असलेली संस्था. पेसाची ग्रामसभा या शब्दांत बसते, असा युक्तिवाद करता येतो. बसली, तर तिची शाळा ही खासगी अनधिकृत शाळा न राहता स्थानिक प्राधिकरणाची शाळा होते, आणि कलम १८ अशा शाळांना लागू नाही. वकिलाला हा मुद्दा दाखवा. वकील नवीन असेल तर कलमाची प्रत हातात द्या.

नोटीस आली तर

पहिलं, घाबरून शाळेला कुलूप लावू नका आणि चिडून नोटीस फाडू नका. नोटिशीवर तारीख, जावक क्रमांक आणि सही आहे का बघा. पाकीट जपून ठेवा. मुदतीच्या आत ग्रामसभा बोलावून लेखी उत्तर द्या. उत्तरात शाळेचा ठराव, मुलांची वयासह यादी, शिकवणाऱ्यांची पात्रता, वेळापत्रक आणि पालकांची संमतिपत्रं जोडा, आणि शेवटी सुनावणीची मागणी करा. उत्तर एकट्या माणसाच्या सहीनं कधीच देऊ नका. दंड एका माणसाच्या नावावर बसवणं सोपं असतं, ऐंशी सह्यांवर बसवणं अवघड.

राज्यपालांना पत्र

याकडे फार थोडी गावं वळतात. पाचव्या अनुसूचीच्या पाचव्या परिच्छेदानुसार संसदेचा किंवा राज्याचा कोणताही कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू नाही, किंवा अमुक बदलांसह लागू आहे, असं राज्यपाल अधिसूचनेनं सांगू शकतात. महाराष्ट्रात हे घडलेलं आहे. मे २०२० मध्ये राज्यपालांनी याच अधिकारात वनहक्क कायद्यात बदल करून जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयावर विभागीय समितीकडे अपिलाची सोय केली. मग "अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेनं ठराव करून चालवलेल्या शाळेला कलम १८ पुढील बदलांसह लागू होईल" अशी अधिसूचना का निघू नये? २०२० च्या त्या आंध्रच्या निकालात न्यायालयानं सांगितलंय की या अधिकारानं मूलभूत हक्क ओलांडता येत नाहीत. इथं तर मुलाचा हक्क ओलांडला जात नाही, उलट पोचतो.

पत्र एका गावानं पाठवलं तर पोच येते. चाळीस ग्रामसभांनी एकाच मसुद्याचे ठराव एकाच महिन्यात पाठवले तर फाईल तयार होते. प्रत आदिवासी विकास आणि शालेय शिक्षण या दोन्ही विभागांना, जिल्हाधिकाऱ्यांना आणि प्रकल्प अधिकाऱ्यांना. मसुद्यात मागणी एकच ठेवा. रस्ता, टॉवर, रेशन त्यात घुसवलंत तर पत्र सहा टेबलांवर फिरत राहील. पत्र मराठीत लिहा आणि खाली त्याच मजकुराच्या दोन ओळी गावाच्या भाषेत, देवनागरीत. वाचता येवो न येवो, तिकडे कुणीतरी विचारेल हे काय लिहिलंय. मग सांगायला आजीला न्या.